‘नुसते आकडे’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, अमेरिकन फुटबॉलमधल्या डिफेन्सच्या रचना कशा बदलत गेल्या या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. आधी माझी चूक कबूल करून टाकतो म्हणजे पुढे मोकळेपणाने भांडता येईल. ‘फोर्टी-सिक्स’ डिफेन्स म्हणजे चार लाइनमन (अगदी पुढच्या रांगेतले) आणि सहा लाइनबॅकर (त्यांच्या लगेच मागचे) असं मी ठोकून दिलं होतं, ते साफ चुकलं. ४६ हा शिकागो बेअर्सच्या डग प्लँकच्या जर्सीचा नंबर, डिफेन्सचा कोच बडी रायनने त्या सेफ्टीला (सगळ्यात मागचा राखणदार) पुढे आणून उभं केलं आणि नाव तेच चिकटलं. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

पण तुमचं मुख्य म्हणणं, की ४-३ (चार लाइनमन, तीन लाइनबॅकर), ३-४, निकल (पास अडवायला मागे पाच जण) हे सगळे कोच लोकांच्या फॅशनचे आकडे, एक जिंकला की बाकीचे कॉपी मारतात, उत्क्रांती-बित्क्रांती काही नाही, हे काही पटलं नाही बुवा. कॉपी मारतात हे खरंय, पण कॉपी मारायच्या आधी कुणाचं तरी जोरात दुखलेलं असतं.

१९५० चंच घ्या. क्लीव्हलँड ब्राउन्स दुसऱ्या लीगमधून एनएफएलमध्ये (अमेरिकेतली मुख्य फुटबॉल लीग) आले, सगळ्यांना वाटलं आता यांना कळेल, आणि पहिल्याच मॅचला त्यांनी चॅम्पियन ईगल्सना ३५-१० ने धुतलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) ऑटो ग्रॅहम पास टाकायचा आणि तेव्हाचे डिफेन्स रन, म्हणजे बॉल घेऊन पळणं, अडवायला बनलेले. दोन आठवड्यांनी जायंट्सचा कोच स्टीव्ह ओवेनने लाइनवर सहा, मागे एक आणि त्याच्या मागे चार अशी छत्री उघडली, आणि लाइनच्या टोकाचे दोघं रश करतायत, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जातायत, असं दाखवून मध्येच मागे पास अडवायला जायचे. स्कोअर ६-०, ब्राउन्सना पहिल्यांदाच कुणीतरी शून्यावर ठेवलं. त्या मागच्या चौघांत एक होता टॉम लँड्री, ज्याने पुढे जायंट्सकडेच कोच म्हणून ४-३ घडवली. ही फॅशन वाटते तुम्हाला?

आणि कोचांचंच म्हणाल तर बिल जॉर्जचं काय? बेअर्सचा मिडल गार्ड, सेंटरच्या (समोरचा, बॉल मागे देणारा) नाकासमोर वाकून बसायचा, बॉल निघाला की आधी त्याला धडक द्यायची आणि मग मागे पळायचं. १९५४ मध्ये ईगल्स नेमके त्याच्या डोक्यावरून छोटे छोटे पास टाकत होते. शेवटी त्याने धडक द्यायचं सोडून थेट मागे जायला सुरुवात केली, असं सांगतात की पहिला पास पोटावर आदळला आणि नंतरचा हातात आला! मिडल लाइनबॅकर ही जागा अशी, वैतागातून. पहिला तोच की अजून कुणी यावर वाद आहेत, असू देत.

एक मात्र तुमच्या बाजूने सांगतो. दरवेळी ऑफेन्सनेच ढकललं असं नाही. १९८१ मध्ये जायंट्सचा लाइनबॅकर लॉरेन्स टेलर आला तेव्हा उलटं झालं, त्याला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) अडवू शकेना म्हणून वॉशिंग्टनचा कोच जो गिब्सला जास्तीचा टाइट एंड (लाइनच्या टोकाचा दणकट गडी) उभा करायला लागला. म्हणजे ढकलाढकली दोन्हीकडून आहे, पण आहे ना!

आता फोर्टी-सिक्सकडेच परत या. १९८५ च्या बेअर्ससमोर भल्याभल्यांची भंबेरी उडायची, आठ-आठ जण पुढे, क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला जागा नाही. सीझनभरात एकच मॅच हरले, मायामीत, ३८-२४. मायामीच्या डॉल्फिन्सनी तीन रिसीव्हर (पास झेलणारे) पसरवले, आत स्लॉटमध्ये, म्हणजे लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत, नॅट मूर, आणि त्याला धरायला भलताच माणूस धावतोय, कारण रिसीव्हरला धरणारे कॉर्नर दोनच, ते बाहेर अडकलेले. त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो बॉलही पटकन सोडायचा. तिसऱ्या रिसीव्हरला तिसरा कॉर्नर लागतो, एवढा साधा हिशोब आहे, आणि आज निकल हाच जवळजवळ नेहमीचा डिफेन्स का झाला ते यातच आलं.

मग ‘आता सगळे निकलच खेळतात तर जुनं कशाला उगाळायचं’ हा तुमचा दुसरा टोमणा. २०१९ ची सुपर बोल (एनएफएलची फायनल) पाहिली असेल तर आठवा, आपल्याकडे सोमवारी पहाटे, मी चहा घेऊन अर्धवट झोपेत, आणि कोच बेलिचिकचे पॅट्रियट्स रॅम्ससमोर पुन्हा पुन्हा लाइनवर सहा माणसं उभी करतायत. रॅम्सचा सगळा खेळ बाहेरून पळायचा आणि त्याच पळण्याची हूल देऊन पास टाकायचा, सहा जणांनी बाहेरची वाटच बुजवली. १३-३. ओवेनच्या छत्रीत लाइनवरचे सहा पास अडवायच्या डावातले होते आणि इथे रन अडवायला, आकडा तोच पण काम वेगळं. म्हणून म्हणतो, नुसते आकडे बघू नका, कोण कुणासमोर उभाय ते बघा.

बाकी मायामीचा ‘फिफ्टी-थ्री’ डिफेन्स राहिला ही तक्रार मान्य, पुढच्या भागात घेतो. तो पण बॉब मॅथिसनच्या जर्सीचाच नंबर आहे, यावेळी आधीच तपासलंय 😄