जळालेली कवटी तडकली म्हणजे खूनच? तसं नसतंय हो

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय, की जळालेल्या बॉडीची कवटी तडकलेली आणि मुठी आवळलेल्या दिसल्या तर आधी मारून मग पेटवलंय समजा. आमच्या काकांनीपण पाठवला, खाली तीन हात जोडून.

चुकीचं आहे. आगीत हाडातलं पाणी उडतं, ते ठिसूळ होतं आणि आपोआप तडकतं, कवटीसुद्धा. मुठी आणि वाकलेले कोपर म्हणजे मारामारी नव्हे, उष्णतेनं स्नायू आखडतात, मेलेल्या माणसाचेपण. कवटीच्या आत कधी कधी रक्ताचा गोळाही सापडतो, चॉकलेटी, जाळीदार, बुडबुडे असलेला, तोही उष्णतेनंच झालेला असू शकतो आणि इथंच लोक फसतात.

मग डॉक्टर बघतात काय? श्वासनलिकेत काजळी आहे का, रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे का. असेल तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता. नसली तरी लगेच खून म्हणायचं नाही, भडका एकदम उडाला तर काजळी आत जायला वेळच मिळत नाही. हां, हाडाचा तुकडा आत खचलेला असेल किंवा चीर न जळलेल्या भागात लांब गेलेली असेल तर मात्र संशय घ्यायलाच हवा, पण ते मोबाईलवरच्या फोटोत कळत नाही काका.