वुलर: प्रश्न बंधाऱ्याचा की गाळाचा?

भारताने एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानसोबतचा सिंधू जलकरार स्थगित केला, तेव्हापासून काश्मीरमधल्या वुलर सरोवराचे नाव आपल्याकडच्या चर्चांतही अधूनमधून येऊ लागले आहे. संदर्भ मात्र बहुधा एकच असतो: झेलम नदी या सरोवरातून बाहेर पडते तिथला तुलबुलचा रखडलेला बंधारा पूर्ण करा आणि पाकिस्तानला धडा शिकवा. हे ऐकून वुलर म्हणजे एक भरलेली टाकी आहे आणि तिला फक्त तोटी बसवायची राहिली आहे, असा कुणाचाही समज व्हावा. माझ्या मते या चर्चेत कामांचा क्रमच उलटा लावला जातो आहे.

वेरीनागला उगम पावलेली झेलम अनंतनाग आणि श्रीनगर ओलांडून वायव्येला वाहत येते, तेव्हा तिला उतार जवळजवळ उरलेलाच नसतो. ती वुलरमध्ये शिरते, पसरते, बांदीपोऱ्याकडून येणाऱ्या मधुमती आणि एरिन यांचे पाणी सोबत घेते आणि सोपोरजवळ पुन्हा नदी होऊन बाहेर पडते. २०१८मध्ये सुरू झालेल्या किशनगंगा वीजप्रकल्पामुळे तर बोगद्यातून वळवलेले किशनगंगेचे पाणीही आता याच सरोवरात येते. पुढे बारामुल्लाच्या अरुंद खिंडीतून जेवढे पाणी निघू शकेल तेवढेच निघणार, बाकीच्याला थांबायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे वुलर. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासात, राजा अवंतिवर्म्याच्या काळातल्या सुय्या या स्थापत्यकाराची कथा आहे. त्याने नदीत नाणी फेकली, ती मिळवण्यासाठी भुकेल्या लोकांनी पात्रातले दगड उपसले आणि तुंबलेले पाणी वाहते झाले. सोपोर हे नाव त्याच्याच सुय्यपुरावरून आले. नवव्या शतकातल्या त्या माणसाने पहिले काम हाती घेतले ते गाळ-दगड काढण्याचे, हे मला महत्त्वाचे वाटते.

आज नेमके तेच काम मागे पडले आहे. १९११मध्ये सुमारे १५८ चौरस किलोमीटर असलेले सरोवर २००७च्या व्यवस्थापन आराखड्यानुसार सुमारे ८७ चौरस किलोमीटरवर आले होते. १९९०पासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तरीही ही अवस्था. सरोवराच्या पात्रातच जळणासाठी विलोची झाडे लावली गेली, त्यांच्या मुळांशी गाळ अडकला, गाळाची जमीन झाली आणि त्या जमिनीवर भाताची शेती आली. काठावरच्या वटलबला बाबा शुकरुद्दीन यांच्या दर्ग्याच्या टेकडीवरून खाली पाहिले, तर नकाशात जिथे निळा रंग भरलेला असतो तिथे विलोच्या रांगा दिसतात. २०१४च्या सप्टेंबरात श्रीनगर बुडाले तेव्हा खालचे हे सरोवर आक्रसलेले होते. पुराचे ते एकमेव कारण नव्हते, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नव्हते.

गाळ काढला तर काय होते, याचाही पुरावा आहे. १९९२च्या पुरानंतर वुलरमधून नाहीसे झालेले कमळ, गाळ उपसल्यानंतर, २०२५मध्ये पुन्हा फुलले. तिथल्या लोकांना कमळाचे कौतुक आहे ते नद्रूसाठी, म्हणजे आपल्या कमळकाकडीसाठी. आपण उपवासापुरता आठवतो तो शिंगाडा, नद्रू आणि मासे यांवर काठच्या कित्येक गावांचे पोट चालते.

आता बंधाऱ्याविषयी. त्याचे काम १९८४मध्ये सुरू झाले आणि पाकिस्तानच्या आक्षेपानंतर १९८७मध्ये थांबले. झेलमच्या मुख्य प्रवाहावरची ही साठवण करारात बसत नाही, असे पाकिस्तानचे म्हणणे. हिवाळ्यात नौकानयनापुरती खोली राखण्यासाठी केलेले हे नियमन आहे, असे भारताचे. मला भारताची बाजू पटते. त्या पाण्याने हिवाळ्यात उरीच्या वीजकेंद्रांनाही आधार मिळेल. पण अपेक्षित साठा आहे सुमारे तीन लाख एकर-फूट, म्हणजे जेमतेम १३ टीएमसी. एकट्या कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे. एवढ्याशा साठ्याने कुणाला धडा शिकवता येत नाही, कारण अडवलेले पाणी वसंतात बर्फ वितळण्यापूर्वी सोडावेच लागेल, नाहीतर पुराला जागा उरणार नाही, आणि सोडलेले पाणी उरीवरून पाकिस्तानच्या ताब्यातल्या मंगला धरणाकडेच जाणार.

म्हणून आधी गाळ, विलो आणि वरच्या डोंगरउतारांची धूप यांवर पैसा खर्च व्हावा. बंधारा करायचाच असेल, तर दारे कोणत्या महिन्यात, कोणत्या पातळीला उघडायची याचे वेळापत्रक काँक्रीट ओतण्यापूर्वी जाहीर करावे आणि ते ठरवताना सोपोर-बांदीपोऱ्याच्या मच्छीमारांनाही बैठकीत बसवावे.