नोटा तपासायच्या टॉर्चने दुधातलं अँटिबायोटिक दिसत नाही

'अंधारात दुधावर यूव्ही टॉर्च मारा. निळं चमकलं तर अँटिबायोटिक आहे, नाही चमकलं तर दूध शुद्ध. शंका असेल तर उकळा, सगळं जातं.' मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी ती निळाई. लॅमिंग्टन रोडवरचे स्वस्त टॉर्च सहसा 395 नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा उजेड डोळ्यांना दिसतो आणि दुधातले स्निग्धकण तो चहूकडे विखुरतात. चमक म्हणून दिसतं ते बरंचसं हेच. वर दुधात रायबोफ्लेविन असतंच. पनीर काढून उरलेलं पाणी गाळून स्टीलच्या वाटीत घ्या आणि टॉर्च मारा, हिरवट-पिवळं चमकेल. गाईच्या दुधात हे बी-2 जीवनसत्त्व लिटरमागे दीड-दोन मिलिग्रॅम असतं. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. त्या उजेडात ते डोळ्यांना वेगळं कसं दिसणार? आणि कागदी कप घेतलात तर त्यातलं ब्राइटनरच (कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेलं रसायन) निळं चमकू शकतं.

'नाही चमकलं तर शुद्ध' हे जास्त घातक. जनावराला दगडी (कासेची सूज) झाली की दिलं जाणारं पेनिसिलिन या टॉर्चखाली चमकतच नाही. क्लोरॅम्फेनिकॉलही नाही.

उकळण्याचं म्हणाल तर टेट्रासायक्लिन थोडंफार कमी होतं, पण एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचं अँटिबायोटिक उकळीला दाद देत नाही.

चमकेवर चालणारे सेन्सर आहेत, पण ते असे चालत नाहीत. आधी ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने प्रथिनं साकळवून सेंट्रिफ्यूजने (वेगाने गरगर फिरवणारं यंत्र) काढतात. नाहीतर केसीन आणि कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतात आणि आकडा कमी येतो. मग निवळीचा पीएच 8 च्या आसपास आणून युरोपियम हा धातू क्षाराच्या रूपात घालतात. टेट्रासायक्लिन शोषलेली ऊर्जा युरोपियमला देतं, तो 615 नॅनोमीटरला लाल चमकतो. दुधाची स्वतःची चमक नॅनोसेकंदांत विझते, ही मायक्रोसेकंदांत. म्हणून किंचित थांबून मोजतात. कार्बन डॉटवाल्या (कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण) सेन्सरमध्ये उलट चमक मंदावते, पण ती हळदीनेही मंदावते. त्यामुळे नमुन्यात ठरावीक टेट्रासायक्लिन मुद्दाम घालून ते पुरतं परत मोजलं जातं का, हे बघावंच लागतं. एवढं करूनही पक्का निकाल एलसी-एमएस-एमएसचाच (घटक वेगळे करून रेणूंच्या वजनावरून ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी).

खरंच संशय असेल तर अन्नसुरक्षा कायदा, 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते; मात्र तसा इरादा दूध विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना बर्फात न्या. दूध नासलं की आम्लात पेनिसिलिन विघटित होतं आणि दोषी दूधही सुटतं.