संशोधकाचे दहा दिवस

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. संशोधकाने वर्षातले किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, अशी त्यांत अपेक्षा आहे. पुण्यात वैद्यकीय संशोधन करणारा माझा एक मित्र यावर फोनवर चांगलाच तापला होता. "शाळाशाळांत जाऊन बोलायचं, तर रिसर्च पेपर कधी लिहायचे? बढती पेपरवर मिळते!" त्याची तक्रार खरी आहे. पण शाळेत जाणं म्हणजे कामातून वेळ वाया घालवणं, हे मला मुळीच पटत नाही.

माझी मुलगी लंडनमध्ये कॅम्डन भागातल्या सरकारी शाळेत शिकते. सेंट पँक्रस स्टेशनच्या पाठीमागे, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट ही जैववैद्यकीय संशोधनाची मोठी संस्था आहे. इथल्या मुलांना संशोधक म्हणजे कुणी दूरचं माणूस वाटत नाही. मुलीच्या वर्गात एक संशोधक बाई सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या होत्या. काचेखाली झेब्राफिशचं भ्रूण, दोन दिवसांचं, पारदर्शक. त्यात हृदय धडधडताना सरळ दिसत होतं. या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा वाढतो, माणसाचा वाढत नाही. का, हेच आम्ही शोधतोय, असं त्यांनी सांगितलं. एका मुलाने विचारलं, "माशाला दुखतं का?" बाईंनी प्रश्न टाळला नाही. भूल कशी देतात, परवानगी कुणाची लागते, सगळं नीट सांगितलं.

हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्या हृदयावर काम चालतं. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीला हे मी लंडनहून सांगितलं, याचं मला फार वाईट वाटलं.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. लंडनच्या मुलांना जे मिळतं, ते लहान गावांतल्या मुलांना सहसा मिळत नाही. पण २०१४ पासून ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं मूल्यमापन करताना संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला, हेही तपासतात आणि त्यावर निधी ठरतो. आपल्याकडे अपेक्षा कागदावर आली, बढतीचे निकष मात्र बहुतेक ठिकाणी जुनेच राहिले. मित्राचा राग तिथे असायला हवा.

बोलणं राहून गेलं की काय होतं, हे आपण पाहिलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस प्रकल्प म्हणून देण्यात आली. काही मुली दगावल्या. त्यांच्या मृत्यूचा लशीशी बहुधा संबंध नसावा, असं चौकशी समितीने सांगितलं. पण अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. ब्रिटनमध्ये हीच लस २००८ पासून शाळाशाळांत देतात. आम्हा पालकांच्या हातात आधी माहितीपत्रक येतं, मग सहीचा कागद. एका चांगल्या लशीवरचा विश्वास आपण सहीच्या घाईत घालवला.

आणि यासाठी आदर्श शोधायला लंडनला यायची गरज नाही. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं, म्हणून तो गोंड वस्तीसारखा झोपड्यांचा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. गावातल्याच बायकांनी नवजात बाळांची काळजी घ्यायचं शिक्षण घेतलं आणि त्यातून उभं राहिलेलं संशोधन १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे पेपरही झाला!

मित्राला मी म्हटलं, पहिला दिवस आपल्या जुन्या शाळेला दे. स्लाइड शो नको, सूक्ष्मदर्शक ने, मराठीत बोल आणि निम्मा तास मुलांच्या प्रश्नांना ठेव. दुसऱ्या दिवशी संचालकांना पत्र लिही, की हे दहा दिवस माझ्या वार्षिक अहवालात धरा.