हॅलोवीनचं दार: रेलिंगची बाजू मोकळी

न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर चहाच्या दुकानाबाहेर जमणारा आमचा कट्टा. या वेळी विषय होता हॅलोवीनला घराचं दार सजवण्याचा, तेही थोडक्या सामानात. विषयाला तोंड फोडलं दादाने.

"थोडक्यात म्हणजे काय? हवा भरलेलं आठ फुटी भूत उभं करायचं. एक प्लग लावला की झालं."

"आणि पोरं कुठून चढणार?" काकांनी लगेच अडवलं. "३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पोरं वेश करून खाऊ मागत दारोदार फिरतात, आणि इथे सहाच्या आत सूर्य मावळतो. पोरांच्या तोंडावर मुखवटा, हातात पिशवी, अंगात पायघोळ झगा. मुखवट्यातून पायाखालची पायरी दिसत नाही, हात आपोआप रेलिंगकडे जातो. म्हणून आधी रेलिंग कुठल्या बाजूला आहे ते बघ आणि ती बाजू पूर्ण रिकामी ठेव. सगळी आरास दुसऱ्या बाजूला, मधली वाट किमान ३ फूट. शिवाय त्या भुताचा पंखा अखंड चालू लागतो. वायर वाटेतून गेली की कोणीतरी अडखळणारच."

"दाराला निदान पायपुसणं तरी?"

"घाल, पण खाली न सरकणारी जाळी हवी. आणि बाहेरचं काचेचं दार उघडून बघ. दोन चटया एकावर एक घातल्या की ते दार कडेला अडतं."

ताईंचं म्हणणं असं, की तीन भोपळे आणि शेवंतीच्या दोन कुंड्या असल्या की दार सजलं. भोपळे तीन आकारांचे, मोठा मागे, लहान पुढे, आणि एखादा पांढरा असला तर अंधारात उठून दिसतो. "घेताना देठ घट्ट आणि हिरवट आहे का ते बघायचं, बुडाला अंगठ्याने दाबून मऊपणा तपासायचा. देठाला धरून उचलायचा नाही. देठ तुटला की तिथूनच कूज आत शिरते. आणि थेट सिमेंटवर ठेवू नका. खाली ओल धरते, भोपळा बुडातून सडतो आणि उचलायला जाल तेव्हाच कळतं. लाकडाच्या दोन पट्ट्या खाली घातल्या की हवा खेळते. न कापलेला भोपळा कोरड्या, गार जागी दोन-तीन महिने सहज राहतो. पारा शून्याखाली जाणार असेल त्या रात्री मात्र आत घ्या. गोठून सुटलेला भोपळा लिबलिबीत होतो."

शेवंतीबद्दल त्या तितक्याच ठाम. पूर्ण फुललेली कुंडी घ्यायची नाही, तीनांतले दोन हिस्से तरी मिटलेल्या कळ्या हव्यात. दुकानातल्या कुंड्यांत मुळं गच्च भरलेली असतात, वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि माती आत कोरडीच राहते. म्हणून कुंडी बादलीभर पाण्यात २०-३० मिनिटं बुडवून ठेवायची, मग निथळू द्यायची. फुलांवर पाणी मारलं तर ती तपकिरी पडतात. घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी उंचावर. शेवंती त्यांना बाधते.

"पण कोरलेल्या भोपळ्याशिवाय हॅलोवीन कसलं?" दादा हटेना. "मूळ प्रथा तीच ना? आयर्लंडमध्ये सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. तिथले लोक अमेरिकेत आले, त्यांना इथे भोपळा मिळाला. मोठा आणि कोरायला सोपा."

"कोर की. पण २८-२९ तारखेच्या आधी नको," ताई म्हणाल्या. "कापलेला भोपळा गार हवेत आठवडाभर टिकला तर नशीब. ऊब असेल तर तीन दिवसांत बुरशी."

इथे दोघांचं एकमत झालं आणि पुढची दहा मिनिटं नुसती कृती चालली. टोपी वरून कापायची नाही, भोक मागच्या बाजूला पाडायचं. त्याने देठ शाबूत राहतो आणि दिवा आत सरकवणंही सोपं होतं. वरूनच कापायची असेल तर सुरी तिरकी धरायची, म्हणजे झाकण आत पडत नाही. बिया आणि धागे मोठ्या चमच्याने खरवडायचे. चेहऱ्याच्या बाजूची भिंत साधारण १ इंच ठेवायची. त्याहून पातळ केली की दोन दिवसांत तोंड सुरकुततं, जाड ठेवली तर प्रकाश बाहेर येत नाही आणि करवतीची सुरी अडकते. नक्षी कागदावर काढून तो कागद चिकटवायचा, रेषेवर टाचणीने भोकं पाडायची, मग कापायचं. डोळे आधी, तोंड शेवटी, कारण तोंडाचं भोक पडलं की भिंत कमजोर होते. बारीक दात टाळलेले बरे. ते सगळ्यात आधी वाळतात आणि वाकतात.

शेवटी १ लिटर पाण्यात १ टेबलस्पून ब्लीच घालून आतून आणि कापलेल्या कडांवर मारायचं, तासभर उपडा ठेवून वाळवायचा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मलूल पडलेला भोपळा रात्रभर गार पाण्यात बुडवला तर पुन्हा ताठ होतो, पण बुरशी लागलेल्याला याचा उपयोग नाही.

"आत मेणबत्ती?"

"नाही." काका इतक्या पटकन बोलले, की पुढे कोणी विचारलंच नाही. झग्याची बाही ज्योतीला लागायला क्षण पुरतो. शेजारी मक्याची वाळलेली ताटं किंवा पेंढा ठेवला असेल तर आणखी वाईट. बॅटरीची टी-लाइट ठेवावी. तिच्या उष्णतेने भोपळा आतून शिजतही नाही. बाकी दिवे भोपळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. उजेड भिंतीवर पडून परत येतो, पोरांच्या डोळ्यांत जात नाही. दारावरचा बल्ब काढून जांभळा लावायची हौस अनेकांना असते, पण त्या उजेडात पायरीची कड दिसत नाही. जांभळा लावायचाच तर पायऱ्यांना वेगळा पांढरा दिवा द्यावा. वायर बाहेरच्या वापराची आणि सॉकेट जीएफसीआय, म्हणजे वीज गळू लागताच आपोआप बंद होणारं हवं. पाऊस आला की फरक कळतो.

मग निघाला कोळ्याच्या जाळ्याचा विषय आणि ताईंचा आवाज चढला. ताणून पसरायचं ते पांढरं पॉलिएस्टरचं जाळं झुडपांवर टाकलं की त्यात पक्षी अडकतात, मधमाश्या अडकतात. तंतू इतके बारीक, की पक्ष्याला ते दिसत नाहीत आणि सुटताही येत नाही.

"मग जाळं नाहीच?" दादाने विचारलं.

"दोरीचं कर. काळी सुती दोरी, ५ मिमी जाड, ८-९ मीटर पुरते. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून ७५ सेंटीमीटरच्या पाच दोऱ्या पंख्यासारख्या सोडायच्या. त्यांतली एक वरच्या पट्टीला धरून, एक उभ्या पट्टीला धरून. मग दर १५ सेंटीमीटरवर आडवी दोरी गाठवत न्यायची. आडवी दोरी ताणायची नाही, कोपऱ्याकडे जराशी झोल खाऊ द्यायची. ताणली की जाळं न दिसता शिडी दिसते. जाड दोरी पक्ष्यांना दिसते, आणि १ तारखेला उतरवायची."

वहिनी अपार्टमेंटमध्ये राहतात. त्यांना पायऱ्याही नाहीत, अंगणही नाही. काकांचा सल्ला: सामायिक पॅसेजमध्ये जमिनीवर काहीच ठेवू नका, आग लागली तर तीच पळायची वाट. फक्त दाराचा दर्शनी भाग वापरा, घराचा नंबर आणि पीपहोल झाकू नका. काळ्या क्राफ्ट फोमची १५ वटवाघळं पुरेत, पंख १०, १५ आणि २० सेंटीमीटरचे. मोठी मुठीजवळ, लहान वर कोपऱ्यात, म्हणजे उडत लांब चालल्यासारखी दिसतात. मधोमध घडी घालून फक्त पोट चिकटवा, पंख मोकळे. कार्डपेपर दमट हवेत गुंडाळतो, म्हणून फोम. रंगवलेल्या दाराला पेंटर्स टेप चालते, खडबडीत विटेवर ती धरत नाही. घराला व्हिनाइल सायडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं आवरण असेल तर गरम गोंद लावू नका, सायडिंग वितळून वाकतं. त्याच्या सांध्यात अडकणारे हुक मिळतात.

दाराला गोल माळ लावायची तर चिकट हुकाची जागा आधी रबिंग अल्कोहोलने पुसायची. काच पुसायच्या द्रावाने नको, त्याचा थर राहतो. ३० सेकंद दाबायचं, तासभर थांबायचं, मग वजन द्यायचं. हवा १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर गोंद धरत नाही. आणि पुढे काचेचं दार असलेल्यांनी लक्षात ठेवावं: दोन दारांच्या मध्ये उन्हाने भट्टी तापते, गोंद सुटतो आणि प्लॅस्टिकची फुलं मऊ पडतात. माळ तिथे असेल तर दुपारी काचेचं दार थोडं उघडं ठेवा.

वहिनींनीच एक चांगली आठवण करून दिली: एक भोपळा मोरपंखी रंगाचा. टेनेसीत सुरू झालेली ही कल्पना फेअर या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये देशभर नेली. अर्थ असा, की या दारात खाऊशिवायही काही मिळेल. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या पोराला पेन्सिल किंवा स्टिकर मिळतो. मात्र तो वाडगा चॉकलेटच्या वाडग्यापासून वेगळाच हवा.

"आणि दिवाळी?" शेवटी कोणीतरी विचारलंच. २०२४ मध्ये इथे ३१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन आलं होतं, २०२७ मध्येही दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. वहिनींना दारात सांगाडा आणि लक्ष्मी एकत्र पटत नाहीत. मलाही नाही पटत. पण ताईंच्या आराशीत अडचणच येत नाही. भोपळे, शेवंती, झेंडूचं तोरण, वर आकाशकंदील, आणि वटवाघळं त्या वर्षी नाहीत. रांगोळी वाटेवर नको, गुळगुळीत सिमेंटवर भुकटीवरून पाय सरकतो. ती सजावटीच्या बाजूला, भिंतीलगत. पणत्या पोरांची रांग संपल्यावर, आठनंतर.

१ तारखेला कोरलेला भोपळा आतला दिवा आणि बॅटरी काढून कंपोस्टमध्ये. रंगवलेला त्यात टाकू नका. न कापलेले नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत तसेच राहू द्या. त्यांत लहान शुगर पम्पकिन असेल आणि त्याला ब्लीच किंवा रंग लागला नसेल, तर त्याचे घारगे छान होतात. कोरायच्या मोठ्या जातीचे करू नका, गर पाणचट आणि धाग्यांचा असतो.