‘आजच सगळ्या गोळ्या बंद करा’ : अस्वस्थ पायांविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे : ‘रात्री पाय हलवत राहणे हा आजार नाही, ती सवय आहे आणि तिचे मूळ मॅग्नेशियमच्या कमतरतेत आहे. हिमोग्लोबिन चांगले असेल तर लोहाशी याचा काही संबंध नाही. डॉक्टर एकामागून एक गोळ्या बदलतात, कारण त्यांनाच काही कळत नाही. या गोळ्यांनीच त्रास वाढतो. आजच सगळ्या गोळ्या बंद करा, मॅग्नेशियम सुरू करा आणि झोप येत नसेल तर सर्दीची साधी गोळी घ्या.’

मला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम होऊन 11 वर्षे झाली आणि या काळात मी तीन औषधे घेतली आहेत. संदेश पाठवणाऱ्यांच्या मनात माझ्याविषयी माया होती, हे मी जाणतो. तरीही त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातले एक वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्या एका खऱ्या वाक्याच्या आधारावर पुढचा सल्ला विश्वासार्ह वाटू लागतो.

पहिला मुद्दा सवयीचा. बसल्या बसल्या पाय हलवण्याची सवय असलेल्या माणसाला कोणी टोकले तर तो थांबतो आणि त्याला काही होत नाही. आम्हाला थांबता येत नाही. आडवे झाल्यावर पोटऱ्यांच्या आत, हाडाजवळ कुठेतरी, वळवळ किंवा ओढ सुरू होते. पाय हलवावासा वाटण्याची ऊर्मी असह्य होते. उठून चालले की ती शमते आणि पुन्हा आडवे झाले की परत येते. विश्रांतीत सुरू होणे, हालचालीने कमी होणे आणि संध्याकाळनंतर बळावणे या खुणांवरूनच निदान केले जाते. मात्र पोटरीत गोळा येण्यासारखे दुसरे कारण त्यामागे नाही, याची खात्री करावी लागते. गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, आमच्या त्रासात तसे होत नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा रुग्णांचे वर्णन 1672 मध्येच केले होते आणि कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या स्वीडिश मज्जातंतुतज्ज्ञाने 1945 मध्ये या आजारावर सविस्तर प्रबंध लिहिला. तो घराण्यात उतरतो, हेही जुने निरीक्षण आहे आणि 2007 पासून त्याच्याशी निगडित जनुकांची ओळख पटू लागली आहे. माझी आई मध्यरात्री घरात फेऱ्या मारत असे आणि आम्ही तिला ‘इतकी काळजी करू नकोस’ एवढेच सांगत असू. ती कशाचीच काळजी करत नव्हती, हे मला माझे पाय वळवळू लागल्यावर कळले.

मॅग्नेशियमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्याच्या बाजूने वारंवार पुढे केला जाणारा अभ्यास 1998 मधला आहे, त्यात 10 रुग्ण होते आणि तुलनेसाठी बिनऔषधी गोळी घेणारा गट नव्हता. या आजारात बिनऔषधी गोळीनेही अनेकांना काही काळ बरे वाटते, त्यामुळे असा गट नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय मूत्रपिंडे निकामी झालेल्यांमध्ये हा आजार बराच आढळतो आणि नेमक्या त्याच रुग्णांच्या शरीरात मॅग्नेशियम साठून धोका निर्माण होऊ शकतो.

लोहाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण येथे संदेश रुग्णाला सर्वांत उपयुक्त तपासणीपासूनच दूर नेतो. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतले लोहयुक्त प्रथिन, त्यावरून वापरात असलेले लोह कळते. साठ्याचा अंदाज फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून येतो. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ टिकून राहते. माझे हिमोग्लोबिन 13.1 होते आणि फेरिटिन 18. अहवालात दोन्ही आकडे सामान्य मर्यादेत दाखवले होते, म्हणून पहिली दोन वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. या आजारात मात्र फेरिटिन 75 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफेरिन संपृक्तता (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) 20 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर प्रौढांना लोह देण्याचा विचार केला जातो. दोन्ही तपासण्या एकत्र लागतात, कारण शरीरात दाह असेल तर फेरिटिन खोटे वाढलेले दिसते. यामागचे कारण मेंदूत आहे : या रुग्णांच्या मेंदूतील काही भागांत, विशेषतः सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये, लोह कमी असल्याचे एमआरआयमध्ये आणि मृत्यूनंतरच्या तपासण्यांमध्येही दिसले आहे, आणि रक्तातले लोह पुरेसे असतानाही ही उणीव असू शकते. मेंदूत निरोप पोहोचवणारे डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या विकराला लोह लागते, त्यामुळे लोह आणि डोपामाइन या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. पोटातून घेतलेल्या लोहाचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. ते सोसत नसेल किंवा शोषले जात नसेल तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखे लोह शिरेतून देतात. तपासणी न करता लोह घेत राहणेही चूकच आहे, कारण काहींच्या शरीरात ते मुळातच जास्त साठते.

आता त्या बऱ्याच अंशी खऱ्या वाक्याकडे वळतो. ‘या गोळ्यांनीच त्रास वाढतो’ हे काही गोळ्यांबाबत खरे आहे. शरीरात ज्याचे डोपामाइन होते त्या लेवोडोपा या औषधाचा या आजारातील उपयोग 1982 मध्ये लक्षात आला, आणि 1996 मध्ये रिचर्ड अ‍ॅलन आणि क्रिस्तोफर अर्ली यांनी दाखवून दिले की ते घेणाऱ्या बहुतेकांचा त्रास काही काळाने उलट वाढतो. यालाच ऑगमेंटेशन म्हणतात. डोपामाइनसारखेच काम करणाऱ्या रोपिनिरोलला 2005 मध्ये आणि प्रामिपेक्सोलला 2006 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, तेव्हा हा धोका टळेल अशी आशा होती. तो कमी झाला, टळला नाही. रोपिनिरोलची पहिली गोळी घेतली त्या रात्री मी सलग सहा तास झोपलो आणि सकाळी उठून रडलो. तिसऱ्या वर्षी वळवळ रात्री दहाऐवजी दुपारी चारला सुरू होऊ लागली, मग हातांतही आली. त्या वेळच्या डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला आणि दर वेळी महिनाभर बरे वाटून त्रास आणखी अलीकडे सरकला. ऑगमेंटेशनची हीच ओळख आहे आणि डोस वाढवणे म्हणजे त्याला खतपाणी घालणे होय. डोपामाइनसारखे काम करणाऱ्या याच गटातील औषधांनी काहींना जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची अनावर ओढ लागते. ही गोष्ट रुग्णाने आणि घरच्यांनी पहिल्या दिवसापासून माहीत करून घ्यायला हवी.

परंतु यातून ‘डॉक्टरांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 52 आठवड्यांच्या चाचणीत प्रेगाबालिन हे डोपामाइन गटाबाहेरचे औषध घेणाऱ्यांपैकी 2.1 टक्के रुग्णांना ऑगमेंटेशन झाले, तर प्रामिपेक्सोलच्या 0.5 मिलिग्रॅम डोसावर 7.7 टक्के रुग्णांना झाले. असे पुरावे साठत गेल्यामुळेच अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत गॅबापेंटिन, प्रेगाबालिन आणि योग्य रुग्णांत शिरेतून लोह यांना पुढे आणले आणि डोपामाइन गटातील औषधे सरसकट देऊ नयेत असे सुचवले. म्हणजे माझी गोळी बदलली गेली, ती वैद्यकाने स्वतःची चूक ओळखल्यामुळे. नवी औषधेही निर्दोष नाहीत : गॅबापेंटिनने मला सकाळी अकरापर्यंत गुंगी असे, म्हणून प्रेगाबालिन सुरू झाले आणि वजन पाच किलोने वाढले. श्वसनाचा आजार असलेल्यांना ती जपून द्यावी लागतात. मूत्रपिंडे कशी आहेत, नैराश्य आहे का, गर्भारपण आहे का, हे पाहून निवड बदलते. एका रुग्णाची गोळी दुसऱ्याला चालेलच असे नाही.

या संदेशातला सर्वांत घातक भाग ‘आजच सगळ्या बंद करा’ हा आहे. ऑगमेंटेशन झालेल्या माणसाने डोपामाइन गटाची गोळी एकदम सोडली तर त्रास उसळून येतो, कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि काहींना घबराट, घाम व खोल नैराश्य येते. गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन एकाएकी थांबवल्यास फिट येण्याचाही धोका असतो. माझे रोपिनिरोल डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आधी दुसरे औषध सुरू करून, चार महिन्यांत पायरी-पायरीने उतरवले, आणि तरीही शेवटची गोळी सुटल्यानंतरचे पाच दिवस मी जवळजवळ उभ्यानेच काढले. हे एखाद्याने एकट्याने, संदेश वाचून करावे, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

शेवटी सर्दीच्या गोळीविषयी. झोप आणणारी जुनी अ‍ॅलर्जीरोधक औषधे, उदाहरणार्थ डायफेनहायड्रामिन, ही वळवळ वाढवतात. मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि मनोविकारांवरची काही औषधेही तसेच करतात. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी त्रास वाढू शकतो, ब्युप्रोपिऑन हा त्यातला सहसा अपवाद. पण अशी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

हा संदेश पाठवणाऱ्या चौघांपैकी एक माझी मावशी होती. तिला फोन करून मी हे सगळे सांगितले, तेव्हा थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘अरे, मीसुद्धा रात्री फेऱ्या मारते. तुझ्या आईसारख्याच. झोप लागावी म्हणून सर्दीची गोळी घेते.’ ती गोळी तिने आता थांबवली आहे. फेरिटिनच्या तपासणीसाठी काल तिचे रक्त घेतले आणि अहवाल अजून यायचा आहे.