तिवरे तोडल्याने ठाणे खाडीत मासळी परतणार नाही

तिवरांमुळे, म्हणजे खारफुटीच्या झाडांमुळे, ठाणे खाडी गाळाने भरली, त्यामुळे मासळी गेली आणि अमेरिकेत सामन माशांसाठी नदीपात्रे मोकळी केली तसा आपणही किनारा मोकळा करावा, असा मजकूर सध्या ठाणे-नवी मुंबईत मोबाईलवरून फिरतो आहे. चेंदणी, दिवाळे येथील कोळीवाड्यांची मासळी खरोखरच घटली आहे, म्हणूनच हे चुकीचे निदान खोडणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा गाळाचा. तिवराची मुळे गाळ धरून ठेवतात हे खरे, परंतु तो येतो डोंगरातील खाणींतून, भरावातून, राडारोड्यातून आणि सांडपाण्यातून. ठाण्याच्या टोकाला खाडी इतकी अरुंद आहे की ओहोटीचे पाणी तो पुरता बाहेर नेऊ शकत नाही. तिवरे तोडली, तर मुळांनी धरलेला हा गाळ सुटून होड्यांच्याच वाटेत येईल.

मासळीविषयीचे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. बोय, कोलंबी, चिंबोरी यांची पिल्ले तिवरांच्या मुळांत आसरा आणि खाद्य शोधतात. सामन अंडी घालण्यासाठी समुद्रातून गोड्या पाण्यात चढतो, तर आपल्याकडचा जिताडा मासा नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात. वाट उलटी असली, तरी दोघांच्याही पिल्लांना काठच्या झाडांचा आधार लागतो. तो आधार तोडण्याऐवजी पाण्यातला प्राणवायू संपवणारे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने यांकडे बोट दाखवायला हवे होते.

अमेरिकेचा दाखला अर्धाच दिला आहे. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत सामनच्या वाटेतील अडथळा समजून ओढ्यांतले ओंडके १९७० च्या दशकापर्यंत खरोखरच काढले गेले. मात्र त्यामुळे ओंडक्यांमागचे खोल डोह नाहीसे झाले आणि अंड्यांना लागणारी वाळूखडी वाहून गेली. आज तेथे ओंडके मुद्दाम पात्रात ठेवले जातात आणि काठावर झाडे लावली जातात, कारण सावलीने पाणी थंड राहते आणि मुळांनी माती धरल्यामुळे खडीतील अंडी गाळाखाली गुदमरत नाहीत.

तिवरतोड कायद्यालाही धरून नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या, म्हणजेच तिवरांच्या जंगलांच्या, नाशास मनाई केली आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

धक्क्यापर्यंतची वाट मोकळी करण्याची कोळी बांधवांची मागणी मात्र पूर्णपणे रास्त आहे. ती तेवढ्याच वाटेतील गाळ उपसून पुरी करता येते, आणि त्यासोबत नाल्यांचे पाणी प्रक्रियेविना खाडीत सोडणे थांबवण्याचा आग्रहही धरला पाहिजे.